दिवाळीचे डबे भरण्याआधीचा हिशोब

भाऊबीज उरकली की डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा, चार मोडक्या चकल्या आणि दगड झालेले दोन रवा लाडू उरतात. ते पिशवीत भरून कुणाच्या तरी हातात दिले जातात आणि त्याला फराळवाटप म्हणतात. खरं तर वाटायचा फराळ वाण्याच्या यादीतच धरायला हवा. एकदा तो यादीत आला की भाजणी किती दळायची, कोणता पदार्थ कधी करायचा, तेल किती आणायचं, सगळंच त्याप्रमाणे बदलतं. कारण वाटायची पाकिटं वसुबारसेच्या आत पोचली पाहिजेत. म्हणजे ती घरच्या फराळाच्या चार दिवस आधी तयार हवीत आणि चार दिवस जास्त टिकायलाही हवीत.

म्हणून आधी पाकीट ठरवा. एका घरासाठी पाव किलो चिवडा, ६ चकल्या, ४ बेसन लाडू आणि दीडशे ग्रॅम शंकरपाळी, एवढं पुरे. वजन साधारण सहाशे-साडेसहाशे ग्रॅम भरतं. अशी २० पाकिटं करायची तर ५ किलो चिवडा, १२० चकल्या, ८० लाडू आणि ३ किलो शंकरपाळी लागते. करंज्या यात धरू नका, प्रवासात त्यांच्या कडा मोडतात आणि सारण सगळीकडे सांडतं. ओल्या नारळाचे लाडू तर अजिबात नकोत. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते चौथ्या-पाचव्या दिवशी आंबूस होतात, आणि तुमचं पाकीट कोणत्या दिवशी उघडलं जाईल ते तुमच्या हातात नसतं.

सगळ्यात आधी, दिवाळीच्या पंधरा दिवस अगोदर, दोन कामं काढावी लागतात: चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ. अनारसे वाटायचे नसले तरी त्यांचे तांदूळ याच वेळी भिजत पडले पाहिजेत. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचे. हाताला दमट लागतील इतपतच वाळू द्यायचे. कडकडीत वाळले तर पीठ गूळ धरत नाही. दळून बारीक चाळणीने चाळायचं, किसलेला चिकीचा नसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे करायचे आणि ते डब्यात आठ दिवस मुरवायचे. तळताना अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून जाळी तुटली, तर गूळ किंवा तूप जास्त झालंय. थोडी तांदळाची पिठी मळून एक दिवस पुन्हा ठेवा. उलटायचा मात्र नाही. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने वरून तूप उडवायचं.

भाजणीचं प्रमाण: जाडा तांदूळ १ किलो, चणाडाळ अर्धा किलो, उडीदडाळ पाव किलो, मूगडाळ १२५ ग्रॅम, पोहे १२५ ग्रॅम, धने ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. याची साधारण २ किलो भाजणी होते. किलोभर भाजणीत मध्यम आकाराच्या ६० ते ७० चकल्या पडतात. वरच्या १२० आणि घरच्या ८० धरल्या तर ३ किलो लागेल, म्हणजे प्रमाण दीडपट करायचं. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवायच्या, मग मंद आचेवर एकेक वेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर उडीदडाळ लाल होईपर्यंत तांदूळ कच्चाच राहतो. तांदूळ फुलायला लागून पांढरा पडला की काढा. डाळींचा खमंग वास सुटला आणि रंग किंचित बदलला की त्याही काढा. कच्च्या भाजणीची चकली चिवट होते, करपलेलीची कडवट. गिरणीत नेताना आपल्या आधी काय दळलं ते विचारा. ज्वारी-बाजरीच्या मागून भाजणी टाकली तर पहिलं अर्धा किलो पीठ त्याच रंगाचं येतं. गिरणीवाले सांगितलं की तांदळाच्या किंवा डाळीच्या मागे लावून देतात, पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रांग एवढी असते की कोण ऐकतंय. हे काम पंधरा दिवस आधी काढण्याचं निम्मं कारण हेच.

पुढचा सगळा क्रम पाण्यावर ठरतो. ज्या पदार्थात पाण्याचा अंश कमी, तो आधी. शंकरपाळी आणि बेसन लाडू आठ दिवस आधी, चिवडा आणि शेव पाच दिवस आधी, चकली त्यानंतर, करंज्या आणि अनारसे शेवटी. एकाच दिवशी तळायचं असेल तर आधी फिकी शंकरपाळी, मग शेव, सगळ्यात शेवटी चकली. तिखट-हळदीने तेल काळवंडतं आणि त्या तेलातली शंकरपाळी जिभेला लगेच कळते.

शंकरपाळीचं गणित सोपं आहे. १ वाटी तूप, १ वाटी साखर, १ वाटी दूध एकत्र साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा घालायचा. दोनशे मिलीची वाटी धरली तर सहाशे ग्रॅमच्या आसपास मैदा जातो आणि किलोभर शंकरपाळी होते. गरम मिश्रणात मैदा घातला तर तो जास्त मावतो आणि शंकरपाळी दाताखाली खडा लागते. तळताना आच मंदच हवी. घाई केली की बाहेरून बदामी, आतून कच्ची, आणि दोन दिवसांत मऊ.

बेसन लाडूला मात्र संयम लागतो. लाडूचं जाड बेसन अर्धा किलो, तूप सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम, पिठीसाखर साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. यात तीसेक लाडू होतात, म्हणजे ८० लाडवांना तिप्पट सामान. पण तिप्पट बेसन एका कढईत भाजू नका. तळाचं लागतं आणि वरचं कच्चं राहतं. अर्धा-अर्धा किलोचे तीन घाणे करा. सुरुवातीला बेसन तुपात घट्ट गोळ्यासारखं फिरतं, हात दुखतो आणि तूप कमी पडलं असं वाटतं. इथेच लोक वाढीव तूप ओततात आणि फसतात. वीस-पंचवीस मिनिटांनी तेच बेसन सैल होतं, कडेने तूप सुटायला लागतं, उलथनं हलकं फिरतं. पस्तीस-चाळीस मिनिटांनी रंग बदामी आला की गॅस बंद करून दोन चमचे दूध शिंपडायचं. मिश्रण फसफसून वर येतं आणि रवाळ होतं. मग परातीत काढून कोमट होऊ द्या. गरम असतानाच साखर घातली तर ती विरघळते आणि वळलेले लाडू तासाभरात बसतात, थाळीत चपट्या पेढ्यासारखे पसरतात. बसलेच, तर मिश्रण पुन्हा मोडून अर्धी वाटी कोरडं भाजलेलं बेसन मिसळा आणि गार झाल्यावर वळा.

रव्याच्या पाकातल्या लाडवांबद्दल एवढंच: पाक एकतारीच्या पुढे जाऊ देऊ नका. गेला आणि मिश्रण दगड झालं, तर गरम दुधाचा हात लावून मोकळं करता येतं. पण दूध लागलेले लाडू घरीच संपवायचे, पाकिटात घालायचे नाहीत.

चिवडा नरम पडला की दोष पोह्यांना दिला जातो. बहुतेक वेळा चोर कढीपत्ता आणि मिरचीत लपलेला असतो. अर्धा किलो पातळ पोह्यांना पाऊण वाटी तेल, वाटीभर शेंगदाणे, पाऊण वाटी डाळं, अर्धी वाटी खोबऱ्याचे काप, ७-८ मिरच्या आणि दोन मुठी कढीपत्ता. सगळं मिळून आठ-नऊशे ग्रॅम चिवडा होतो, म्हणजे ५ किलोला ३ किलो पोहे आणावे लागतील. पोहे चाळून दुपारच्या उन्हात दोन-तीन तास ठेवायचे, मग मंद आचेवर हलक्या हाताने कुरकुरीत करायचे. मोठ्या आचेवर ते आक्रसतात आणि मग काही केल्या पुन्हा उलगडत नाहीत. फोडणीत शेंगदाणे, खोबरं, डाळं आपापल्या वेळेला घालून काढायचं. मिरची आणि कढीपत्ता धुतल्यावर कापडावर पूर्ण कोरडे करायचे आणि तेलातला चर्रर आवाज थांबेपर्यंत तळायचे. मिरचीचा तुकडा चिमटीत मोडला पाहिजे. वाकला तर त्यात पाणी आहे, आणि ते पाणी दोन दिवसांत सगळ्या डब्यात पसरणार. हळद, हिंग, मीठ फोडणीतच घाला आणि पिठीसाखर चिवडा गार झाल्यावर.

आता चकली. वाटीभर भाजणीला पाऊण ते एक वाटी पाणी आणि एक टेबलस्पून तेलाचं मोहन. पाण्यात तिखट, मीठ, हिंग, तीळ, ओवा आणि तेल घालून खळखळून उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून वीस मिनिटं झाकून ठेवायची. मग कोमट असताना पाण्याचा हात लावून थोडी थोडी मळायची. पीठ उघडं राहिलं की वरचा थर सुकतो आणि सोऱ्यातून चकली तुटक पडते.

सगळ्या चकल्या पाडून ठेवायच्या आधी एकच तळून बघा. तेलात पिठाची छोटी गोळी टाकली की ती क्षणभर तळाला राहून सावकाश वर यायला हवी. लगेच उसळली तर तेल जास्त तापलंय. चकली सोडल्यावर भोवती बुडबुड्यांचा फेस उठतो. हे बुडबुडे म्हणजे पिठातलं पाणी बाहेर पडतंय. दोन-अडीच मिनिटांनी उलटा, आच थोडी कमी करा आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत हात लावू नका. रंगाकडे बघून काढलेली चकली गरम असताना कुरकुरीत लागते आणि दुसऱ्या दिवशी नरम पडते, कारण पाणी आतच राहिलेलं असतं. पाच मिनिटं गार होऊ देऊन ती मोडा. आत बारीक पोकळ नळी दिसली तर जमलं. तेलात सोडताच चकलीचे तुकडे व्हायला लागले तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मळा. कडक झाली तर चमचाभर गरम तेल मळा. तेलकट झाली तर बहुधा तेल पुरतं तापलेलं नव्हतं किंवा पीठ फार सैल होतं.

करंज्या वेळखाऊ, पण चुका त्याच त्या होतात. सारण दाबून भरायचं नाही, आत हवाही राहू द्यायची नाही, कड दुधाचं बोट फिरवून चिकटवायची आणि भरलेल्या करंज्या ओलसर कापडाखाली ठेवायच्या. एक फुटली की सारण तेलात जळतं आणि पुढच्या सगळ्यांवर काळे ठिपके येतात. फुटली की थांबा, तेल गाळा, मग पुढे जा.

कोणताही डबा पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय बंद करायचा नाही. वरून गार लागला तरी ढिगाच्या पोटात ऊब असते. पसरून तीन-चार तास द्या. डबे आधी धुऊन कडक उन्हात वाळवा. लाडू आणि चकली एका डब्यात नकोत, लाडवाचं तूप आणि वास दोन्ही चकलीला लागतात.

तळणाच्या मधल्या दिवसांत हात मोकळे असतील तेव्हा कंदील करा. विकतच्या प्लास्टिकच्या कंदिलांबद्दल काही बोलत नाही, पण बांबूच्या कामट्यांचा कंदील एका संध्याकाळी उभा राहतो आणि सांगाडा पुढची पाच वर्षं वापरता येतो. २५ सेंटीमीटरच्या २४ कामट्या लागतात. बांधायला दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर जास्त धरून कापा. त्यांचे सहा चौकोन बांधायचे. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ३५ सेंटीमीटर भरले पाहिजेत. एक ३३ आणि दुसरा ३७ आला तर चौकोन कलंडलाय, आणि हा कलंडलेपणा शेवटी सगळ्या कंदिलात उतरतो. कर्णाच्या मापाचा दोरा आडवा बांधून ठेवला की सांगाडा पूर्ण होईपर्यंत चौकोन हलत नाही. आता चार चौकोन टोकावर उभे करायचे, पतंगासारखे, आणि शेजारच्या कोपऱ्यांना एकमेकांशी बांधून गोल करायचा. वरची चार टोकं पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना बांधायची, खालची चार सहाव्याच्या. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. उंची आणि रुंदी दोन्ही ३५ सेंटीमीटर.

कागद चार उभ्या चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना लावायचा. वरचा चौकोन उष्णता जायला उघडा ठेवायचा, खालचा दिवा बसवायला. प्रत्येक बाजूने सेंटीमीटरभर जास्त कागद कापून तो कामटीवर दुमडायचा. खळ मैद्याची: दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचा, त्यात तुरटीची चिमूट. मोरचूद घालायची जुनी पद्धत सोडून द्या, ती विषारी असते आणि हा उद्योग बहुधा मुलांच्या हातून होतो. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. ओला पतंगी कागद ताणला की फाटतो. झिरमिळ्या खालच्या चौकोनाच्या चारी बाजूंना सारख्या लावा, एका बाजूला जास्त झाल्या की कंदील तिरका लोंबतो. आत ५ ते ७ वॅटचा एलईडी दिवा पुरतो. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब कागदाच्या जवळ आला तर कागद तपकिरी पडतो आणि पेटूही शकतो. वायरीचा जोड उघड्यावर ठेवू नका, परतीचा पाऊस दिवाळीला हमखास एखादी चक्कर मारतो.

नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर कोरी माती निम्मं तेल पिते. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर हळीव किंवा मोहरी पाच-सहा दिवस आधी पेरावी लागते. मुलांना हे नेहमी धनत्रयोदशीच्या सकाळी आठवतं.

आता पाकिटं कुठे जाणार. इथे दिवाळीचं वेळापत्रक बघावं लागतं. निवासी आश्रमशाळांना दिवाळीत सुट्टी असते, मुलं पाड्यावर घरी गेलेली असतात. तिथे द्यायचं तर सुट्टी लागायच्या आधी. वृद्धाश्रमात ऐन सणाच्या चार दिवसांत फराळाचा ढीग पडतो आणि पंधरा दिवसांनी कुणी फिरकत नाही. आधी फोन करून विचारा. पुष्कळदा त्यांना चकलीपेक्षा तूरडाळ, तेल, साबण हवे असतात, आणि दात नसलेल्यांना चकली देणं ही थट्टाच. दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांच्या पट्ट्यात उतरायला लागतात आणि अनेकांची दिवाळी उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, होते. त्यांना कोरडा, टिकाऊ फराळ उपयोगी पडतो, सोबत अंथरूण-पांघरूण आणि मुलांचे गरम कपडे असले तर अधिकच. जुने कपडे द्यायचे तर धुतलेले, गुंड्या-चेन शाबूत असलेले, आणि गठ्ठ्यावर वय किंवा माप लिहिलेलं. जे आपण शेजारच्याला देताना लाजू, ते तिथेही द्यायचं नाही.

पैसे देत असाल तर पावती घ्या. करसवलत हवी असेल तर संस्थेची देणगीसाठीची नोंदणी चालू आहे का ते आधी विचारा. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर त्यावर सवलत मिळत नाही, वस्तूंवरही मिळत नाही, आणि नव्या कररचनेत असाल तर हा विषयच संपला.

घरकाम करणाऱ्या मावशी, कचरा नेणारे, पोस्टमन, वॉचमन यांची पोस्त धनत्रयोदशीच्या आत द्या. त्यांनाही कपडे, किराणा घ्यायचा असतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातून पैसा बाहेर काढायचा नाही म्हणून पुष्कळ घरांत ती पाडव्यापर्यंत लांबते. मावशींना एक महिन्याचा पगार ही शहरांतली बऱ्यापैकी रुळलेली रीत आहे. फराळ त्याच्या जोडीला द्यायचा असतो, त्याच्या बदली नाही.

पाकीट बांधताना लाडू तळाशी बटर पेपरमध्ये, त्यावर शंकरपाळी, मग चिवडा, आणि चकल्या वेगळ्या छोट्या खोक्यात सगळ्यात वर. बाहेर केल्याची तारीख आणि ‘यात शेंगदाणे आहेत’ एवढं मोठ्या अक्षरात लिहा. आणि स्टीलच्या डब्यात देऊ नका. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत त्यांच्याही घरात असते, आणि मग तुमच्या डब्यात काय घालून द्यायचं याची चिंता त्यांच्या मागे लागते.